मुरळीच्या हातातली घाटी

माळेगावच्या जत्रेत खंडोबाचा वाघ्या दिमडी वाजवतो अन् मुरळी पितळी घाटी वाजवत नाचते. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी भंडारा. वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे, दिमडीला घोरपडीचं कातडं. १९७२ च्या कायद्यानं वाघ-घोरपडीला संरक्षण दिलं.

अन् मुरळीला? नवसापोटी लहान पोरीचं लग्न देवाशी लावत. पुढं तिला संसार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात शिवराम जानबा कांबळे याविरुद्ध लढले. मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला. आपलं मुखेड तेव्हा निजामाकडं, इथं तो लागू नव्हता. २००५ चा कायदा मात्र साऱ्या महाराष्ट्राला आहे.

घाटी ऐकून आम्हीही डोलतो. पण वाजवणारीचं वय आधी बघतो.