नव्या यारीची पहिली उचल

बंदरात, कारखान्यात अथवा बांधकामाच्या जागी नवी क्रेन, म्हणजेच यारी, दाखल झाली की हार घालून, नारळ वाढवून तिचे स्वागत होते. मात्र तिच्या आकड्याला पहिला माल लागण्यापूर्वी एक कसोटी पार पडावी लागते. ही कसोटी किती जोखमीची असते, याचा प्रत्यय १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणम येथे आला. हिंदुस्थान शिपयार्डमध्ये सेवेत रुजू होण्यापूर्वीच्या चाचणीतच एक यारी कोसळली आणि ११ जणांना प्राण गमवावे लागले.

पहिली तपासणी यंत्राची नव्हे, तर जमिनीची असते. फिरत्या यारीचे पाय, म्हणजे आउटरिगर, पूर्ण बाहेर काढून त्यांखाली जाड फळ्या अथवा पोलादी पत्रे ठेवले जातात. भरावाची माती, पुरलेली गटारे आणि कडेचे खड्डे टाळावे लागतात. यंत्र समतल उभे नसेल, तर पुढचे सारे हिशेब चुकतात.

त्यानंतर रिकाम्या आकड्यानिशी सर्व हालचाली करून पाहतात. पोलादी दोर ड्रमवर नीट गुंडाळला जातो की नाही, ब्रेक धरतात की नाही, आकडा वरच्या टोकाला पोहोचताच लिमिट स्विच मोटर थांबवतो की नाही, हे या वेळी स्पष्ट होते.

खरी परीक्षा वजनाची. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९९० मध्ये झालेल्या विनियमांनी त्याचे प्रमाण ठरवून दिले होते. सुरक्षित भारक्षमता २० टनांपर्यंत असल्यास २५ टक्के अधिक, २० ते ५० टनांच्या दरम्यान ५ टन अधिक आणि त्यापुढे १० टक्के अधिक वजन टांगायचे. म्हणजे १० टनी यारीची परीक्षा साडेबारा टनांवर, तर १०० टनी यारीची ११० टनांवर होते. हे वजन आधी जमिनीपासून थोडेसेच उचलून स्थिर धरतात. दोर, सांधे व पाया यांची पाहणी झाल्यावरच पुढची हालचाल केली जाते. हे जादा वजन केवळ परीक्षेपुरते असते. रोजच्या कामात ते उचलण्याची मुभा मिळत नाही.

यारीवर लिहिलेला टनांचा आकडा मात्र फसवा ठरू शकतो. तो बूम जवळ असतानाचा असतो. तरफेच्या साध्या हिशेबाने ३ मीटरवर १० टन पेलणारी यारी ६ मीटरवर ५ टनच पेलेल. बूमचे स्वतःचे वजनही पुढे सरकत असल्याने प्रत्यक्ष मर्यादा त्याहूनही कमी भरते. म्हणूनच चालकाच्या केबिनमध्ये भारतक्ता लावलेला असतो.

चाचणीच्या वेळी इशारा देणारा माणूस एकच असावा, वारा जोराचा असल्यास काम थांबवावे आणि टांगलेल्या वजनाखाली कोणीही उभे राहू नये, हे नियम खलाशांच्या अंगवळणी पडलेले असतात. उद्घाटनाच्या दिवशी बघ्यांची गर्दी जमते, तेव्हाच त्यांचा विसर पडण्याची भीती अधिक. नारळ फोडायचाच असेल, तर तो सक्षम तपासनिसाचे प्रमाणपत्र हाती आल्यानंतर फोडणे श्रेयस्कर.