घराचा लिलाव आणि ताब्याचा हुकूम

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी होऊन शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क गहाण-खरेदीस पात्र ठरला, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकताच त्या हक्काच्या तारणावर सावकाराची थैली सैल सुटली. खामगावच्या कापूसपेठेशी ज्यांचे जीवन जडले, त्या पिंपळगाव राजासारख्या गावांत कर्जरोख्यामागून दिवाणी हुकूमनामा आणि त्यामागून घराचा लिलावही आला.

परंतु लिलावात बोली सुटली म्हणजे घर हाती आले, असे कायद्याने मानले नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने या दोहोंमध्ये दीर्घ, पण विचारपूर्वक आखलेली वाट ठेवली. जप्ती मिळकतीपाशी दवंडी पिटून जाहीर व्हावी. खरेदीदाराने बोलीचा चौथा हिस्सा तत्काळ व उरलेली रक्कम 15 दिवसांत भरावी. आणि ऋणकोने मुदतीच्या आत हुकूमनाम्याची रक्कम व खरेदीदारासाठी बोलीच्या शेकडा 5 इतकी भरपाई कोर्टात जमा केल्यास लिलावच रद्द व्हावा, अशी ही योजना. 30 दिवसांची ती मुदत पुढे 60 दिवसांची झाली. विक्री कायम होऊन दाखला मिळाल्यावर खरेदीदार ताब्यासाठी अर्ज करी, आणि पूर्वीचा मालक घर सोडण्यास नाकारी तेव्हाच कोर्टाच्या हुकमाने बेलिफ त्यास बाहेर काढी. घरात हक्काचा भाडेकरू असल्यास त्याला न हलविता दाखल्याची प्रत ठळक जागी चिकटवून दवंडीने मालकी बदलल्याचे जाहीर होई.

याच संहितेच्या 60 व्या कलमाने शेतकऱ्याच्या मालकीचे व वहिवाटीतील राहते घर जप्तीतून वगळले, आणि 1976 च्या दुरुस्तीने हेच संरक्षण मजूर व घरगड्यापर्यंत पोहोचविले. मात्र ज्याने घरच गहाणखतात लिहून दिले, त्याला गहाणाच्या हुकूमनाम्यापुढे या कलमाचा आधार सहसा मिळत नसे. ज्याला कर्जाची निकड सर्वांत मोठी, त्याचेच छप्पर अशा रीतीने उघडे पडे, ही या व्यवस्थेची खरी उणीव होय.

तरीही तिचे सार मोलाचे आहे. लिलावाने मालकी जाते, पण माणसाला उंबरठ्याबाहेर काढण्याचा अधिकार खरेदीदाराच्या हाती येत नाही. तो न्यायालयाच्याच हाती राहतो. म्हणून लिलावात घर घेणाऱ्याने स्वतः कुलूप तोडू नये, कुणाचा संसार रस्त्यावर टाकू नये, रीतसर अर्ज करून ताबा घ्यावा. घर गमावलेल्याचा एवढा मान राखणे, हे कायद्याचे आणि माणुसकीचे एकच मागणे आहे.