काडतूस बदलले की रायफल बदलते : ईशापूर निर्माणीचा इतिहास

पश्चिम बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी १९०४ मध्ये ईशापूर रायफल निर्माणीची स्थापना झाली. त्या परिसरात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. भारतीय सैनिकांच्या हाती आलेल्या रायफलींच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. या पिढ्यांमधील मोठ्या बदलांच्या मुळाशी बहुतेक वेळा काडतूस होते. काडतुसाचे माप आणि दाब निश्चित झाल्यावरच नळी, बोल्ट व मॅगझीन यांची रचना ठरते. त्यामुळे काडतूस बदलले की यंत्रसामग्री, दारूगोळ्याचे साठे आणि प्रशिक्षण हे सारेच बदलावे लागते.

ब्रिटिश लष्कराने .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर व्यासाचे काडतूस १८८८ मध्ये स्वीकारले. प्रारंभी त्यात काळी दारू असे. १८९१ पासून कॉर्डाइट ही धूरविरहित दारू वापरात आली. कॉर्डाइटच्या उष्णतेने ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतील उथळ आटे झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट कायम ठेवून एनफिल्ड पद्धतीचे खोल आटे असलेली नळी बसविण्यात आली आणि ‘ली-एनफिल्ड’ रायफल अस्तित्वात आली. दहा काडतुसांचे मॅगझीन असलेली तिची आखूड आवृत्ती ईशापूर येथे दीर्घकाळ तयार होत होती.

याच .३०३ काडतुसासाठी कोलकात्यानजीकच्या डमडम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात शरीरात शिरताच पसरणारी गोळी तयार करण्यात आली. अशा गोळ्यांच्या युद्धातील वापरास १८९९ च्या हेग परिषदेतील घोषणापत्राने मनाई केली. ‘डमडम गोळी’ हे नाव मात्र जगभर रूढ झाले.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांना प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या .३०३ रायफलींनिशी स्वयंभरण शस्त्रांना तोंड द्यावे लागले. .३०३ काडतुसाच्या तळाची कड बाहेर आलेली असल्याने मॅगझीनमध्ये ती एकमेकांत अडकण्याची शक्यता असते. स्वयंभरण रायफलींना ही रचना गैरसोयीची ठरते. त्यानंतर बेल्जियन रचनेवर आधारित ‘१ए१’ ही स्वयंभरण रायफल ७.६२×५१ मिलिमीटर काडतुसासह ईशापूरमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. जुन्या ली-एनफिल्डच्याच रचनेत अधिक मजबूत पोलाद वापरून या नव्या काडतुसासाठी ‘२ए’ व ‘२ए१’ या रायफली बनविण्यात आल्या. ‘२ए’चे लक्ष्यदर्शक २,००० मीटरपर्यंत आखलेले होते, ‘२ए१’मध्ये ती मर्यादा ८०० मीटर करण्यात आली.

यानंतर पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने ५.५६×४५ मिलिमीटर काडतुसाची ‘इन्सास’ रायफल विकसित केली. हलक्या काडतुसामुळे तेवढ्याच वजनात जवानाला अधिक गोळ्या बाळगता येतात. १९९९ च्या कारगिल युद्धात ही रायफल वापरली गेली. तथापि अतिथंडीत तिच्या मॅगझीनला तडे जात असल्याच्या तक्रारीही पुढे आल्या.

लष्करातून गेलेली .३०३ रायफल पोलीस दलांत मात्र टिकून राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात स्वयंचलित रायफलींपुढे तिची मर्यादा उघड झाली.

२०१९ मध्ये भारताने ७.६२×५१ मिलिमीटरच्या ७२,४०० ‘सिग ७१६’ रायफलींसाठी अमेरिकेतील कंपनीशी करार केला. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ रायफलींचा करार झाला. उत्तर प्रदेशातील कोरवा येथे तयार होणाऱ्या या रायफलीचे काडतूस ७.६२×३९ मिलिमीटरचे आहे. दोन्हींच्या मापात ७.६२ हा आकडा समान असला, तरी कोशाची लांबी व घडण भिन्न असल्याने एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. ‘इन्सास’ धरता लष्कराला तीन प्रकारच्या काडतुसांचा स्वतंत्र पुरवठा आघाडीपर्यंत सांभाळावा लागतो.