स्वतंत्र पक्ष : राज्यघटनेची राखण

पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या देशांत परंपरानिष्ठ राजकीय विचारापुढे एक मूलभूत पेच उभा राहतो : राखायचे ते नेमके काय? परकी राजवट राखण्याजोगी नसते आणि संस्थानी व्यवस्थेचे पुनरुज्जीवन शक्य नसते. भारतात स्वतंत्र पक्षाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. जेमतेम दशकभराच्या राज्यघटनेलाच त्याने जतन करण्याचा वारसा मानले.

काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात जानेवारी १९५९ मध्ये सहकारी शेतीचा ठराव संमत झाला. त्याच्या विरोधातून त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी व प्रा. एन. जी. रंगा यांनी या पक्षाची स्थापना केली. राजाजींनी रूढ केलेल्या ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ या शब्दप्रयोगामागील आक्षेप निव्वळ आर्थिक नव्हता. परवान्यासाठी सत्तेपुढे हात पसरणारा नागरिक निर्भयपणे विरोध करू शकत नाही, हे त्याचे मर्म होते. जमीनविषयक कायदे नवव्या परिशिष्टात घालून त्यांना न्यायालयीन छाननीपासून संरक्षण देणाऱ्या १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीलाही पक्षाने विरोध केला.

लोकसभेत १९६२ मध्ये १८ जागा मिळवणारा हा पक्ष १९६७ मध्ये ४४ जागांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९७१ मध्ये मात्र तो ८ जागांवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला. माजी संस्थानिक व जमीनदार यांचा आधार हे त्याचे बळ होते, तशीच मर्यादाही. मालमत्तेच्या हक्कात भूमिहीनाचा वाटा कोणता, हे त्याला पटवून देता आले नाही.

पक्ष लोपला, तरी त्याचा मूळ प्रश्न न्यायालयात टिकून राहिला. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात दिला. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने वगळला गेला; परंतु १९७३ च्या त्या निकालानंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदेही या चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, असे २००७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रात शरद जोशी यांनी १९९४ मध्ये ‘स्वतंत्र भारत पक्ष’ स्थापून हा वारसा शेतकऱ्यांच्या प्रश्नांशी जोडला. तथापि १९८९ पासून नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादावरही निष्ठा व्यक्त करावी लागते. समाजवादाला विरोध करण्यासाठीच जन्मलेला पक्ष आज तशी शपथ प्रामाणिकपणे कशी घेणार, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.