कायरोप्रॅक्टिक: दाव्यापासून परवान्यापर्यंत

बंगळुरूमध्ये कंबरदुखीवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरची पाटी तुम्ही पाहिली असेल. या व्यवसायाचा उगम अमेरिकेतला. १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड यांच्या मणक्यावर दाब दिला आणि त्यांचा बहिरेपणा गेल्याचा दावा केला. पामर स्वतः चुंबकीय उपचार करणारे होते, वैद्यकीय पदवीधर नव्हते. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला.

पुढे प्रश्न दाव्याचा न राहता प्रशिक्षणाचा झाला. १९१३ मध्ये कॅन्ससने परवान्याचा कायदा केला. अमेरिकेतील शेवटचे राज्य लुइझियाना, १९७४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये चार वर्षांचे, किमान ४,२०० तासांचे पूर्णवेळ शिक्षण सुचवले.

आपल्याकडील हाडवैद्याची पारख लौकिकावरून होत असे. आज तुम्ही मात्र विचारा: शिक्षण कुठे झाले? चांगला उपचारक आधी तुमचे ऐकतो, तपासतो, धोका समजावतो, संमती घेतो. मगच हात लावतो. पायांतले बळ जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली, तर तो उपचार न करता रुग्णालयात पाठवतो. कुठे थांबायचे हे कळणे, हाच प्रशिक्षणाचा खरा पुरावा.