जुन्या ड्रमसेटचे धातूचे सामान : स्वच्छता, दुरुस्ती आणि वापर

मुलाने किंवा मुलीने शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स घेतले की घरात दोन प्रश्न उभे राहतात, आवाज आणि खर्च. आवाजावर या लेखात उपाय नाही. खर्चाचे मात्र थोडे जमण्यासारखे आहे, कारण अमेरिकेत गराज सेलमध्ये किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या तळघरात १९६०-७० च्या दशकांतले लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स यांचे संच अजूनही निघतात. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात दिसले, रिंगो स्टारच्या ड्रमवरचे 'लडविग' हे नाव घराघरांत पोहोचले आणि ड्रम्सची मागणी एकदम वाढली. तेव्हा बनलेला माल मजबूत होता, म्हणून तो टिकला.

असा संच घरी आला की लोक आधी लाकडी खोड पुसतात आणि गंजके स्टँड, पेडल वगैरे फेकून देतात. असे करू नका. हे सामान बहुतेक वेळा दुरुस्त होते, आणि मूळचे सुटे भाग असले तर संचाला किंमतही चांगली येते.

साफसफाईआधी धातू ओळखणे महत्त्वाचे. फ्रिजवरचे लोहचुंबक घ्या. ते चिकटले तर पोलाद. स्टँडच्या नळ्या, ताणाचे बोल्ट आणि बरीचशी कडी पोलादाची असतात. खोडावर जडवलेले, बोल्ट ज्यांत फिरतो ते ठोकळे म्हणजे 'लग'. त्यांना चुंबक सहसा चिकटत नाही, कारण ते ओतीव जस्ताचे असतात. आपल्या घरी पितळेची भांडी चिंच-लिंबाने लख्ख करण्याची सवय आहे. ती इथे घातक ठरते. व्हिनेगर काय किंवा चिंच काय, आम्ल जस्ताला खाते. मुलाम्याला बारीक भेग असली तरी आम्ल तिच्यातून आत शिरते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. लग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्यावा.

मग मुलामा पाहा. क्रोम निळसर झाक मारतो, निकेल किंचित पिवळसर दिसते आणि जुने झाले की धुरकटते. १९५० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या संचांवर निकेल बरेच आढळते. क्रोमवरच्या गंजाच्या ठिपक्यांसाठी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने सहसा चरे पडत नाहीत. निकेलला मात्र फॉइल लावू नका, मऊ फडके आणि सौम्य पॉलिश एवढेच. शेवटी भाग पूर्ण कोरडे करून गाडीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. जुन्या स्क्रूंवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी असते. त्यांना सँडपेपर लावू नये. पुन्हा क्रोम चढवून घेणे महाग पडते आणि जुन्याची खूणही पुसली जाते. माझ्या मते थोडे डाग राहू द्यावेत.

अडकलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका. मुरणारे तेल घालून एक-दोन दिवस थांबा. जस्ताचा लग तडकला तर घरी सांधता येत नाही. आटे जुळत नसतील तर तिथेच थांबावे. अमेरिकन संचांचे बोल्ट बहुधा '१२-२४' मापाचे असतात, जुन्या ब्रिटिश प्रीमियरचे आटे वेगळे. नवा बोल्ट पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. तबल्याचे गठ्ठे ठोकताना जसे सगळीकडून थोडे थोडे जातो, तसेच इथे समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळावेत. लगच्या आत बारीक स्प्रिंग असते, ती वाजवताना किणकिणते. फेल्टचा छोटा तुकडा आत सरकवला की आवाज बंद होतो.

जुन्या सामानातली खरी मौज म्हणजे पेडल. विल्यम लडविग यांनी १९०९ साली शिकागोत भावाबरोबर व्यवसाय सुरू केला तो बास ड्रमच्या पेडलवरच. पुढे १९३७ मध्ये 'स्पीड किंग' आले. त्याच्या दोन स्प्रिंग बाहेर दिसत नाहीत, उभ्या खांबांच्या आत दडलेल्या असतात. या पेडलचे कुरकुरणे प्रसिद्धच आहे. लेड झेपेलिनच्या १९७० मधल्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या गाण्यात ते स्पष्ट ऐकू येते! इलाज सोपा आहे. पेडल उलटे करा, खांबांच्या तळाचे स्क्रू हळूहळू सोडा (आत स्प्रिंग दाबलेली असते, तोंड जवळ नेऊ नका), जुने घट्ट झालेले ग्रीस पुसून नवे भरा. दोन्ही बाजूंचे स्क्रू किती फेरे सुटले ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर परत लावताना ताण असमान होतो. लहान मुले घरात असतील तर फळीखाली बोटे जाणार नाहीत याकडे लक्ष असू द्या.

आता वापर. सपाट पायांचे जुने स्टँड अगदी हलके असतात. मंडळाच्या कार्यक्रमाला शाळेच्या सभागृहात सामान वाहून न्यायचे तर हे फार सोयीचे. पण ते त्या काळच्या पातळ झांजांसाठी बनले होते. जड झांज उंच लावली, किंवा आडवा दांडा जोडला, तर स्टँड कलंडतो. झांज बाहेर झुकते त्या बाजूला एक पाय नेमका तिच्याखाली येईल असा ठेवावा. हाय-हॅटची जुनी सळई आजच्या क्लचमध्ये बसेलच असे नाही, विकत घेण्याआधी सळई दुकानात घेऊन जावे.

एक भाग सगळेच विसरतात. झांज जिथे टेकते तिथली प्लॅस्टिकची नळी आणि फेल्ट. ती झिजली की झांज थेट पोलादी आट्यांवर घासते आणि मधले भोक किल्लीच्या भोकासारखे लांबट होते. शंभर-दोनशे डॉलरची झांज त्यापायी खराब होते. नळी कोणत्याही वाद्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. घरी आणलेल्या जुन्या स्टँडला सर्वांत आधी तीच बदलावी.