गिरवल्याशिवाय वाचता येते का?

पुण्यात जपानी शिकणारी माझी भाची गेल्या उन्हाळ्यात येडशीला आली होती. रात्री अंगणात बसल्यावर तिने विचारले, "मामा, कांजी हाताने लिहून काढायची खरंच गरज आहे का? परीक्षेत लिहायचं नसतंच. चारांतला एक पर्याय निवडायचा. फोनवर उच्चार टाकला की चिन्हही आपोआप येतं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. १९८४ पासून चालू असलेल्या जेएलपीटी परीक्षेत हाताने एकही कांजी लिहावी लागत नाही. खुद्द जपान सरकारने २०१० साली नित्य वापरातल्या कांजींची यादी १९४५ वरून २१३६ वर नेली, तेव्हा यातले प्रत्येक चिन्ह हाताने लिहिता आलेच पाहिजे असा आग्रह धरला नाही. मला जपानीतले ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला, कारण पंधराएक वर्षांपूर्वी मोडी शिकताना मी स्वतः तो विचारला होता, आणि उत्तर चुकीचे धरून बसलो होतो.

आमच्या भागात लिपीचा प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा. येडशी निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. १९११ पर्यंत बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ येडशीवरून लातूरला पोचला होता. त्या गाडीने बार्शीच्या बाजाराला निघालेला शेतकरी वाटेत राज्य बदलत असे आणि त्याबरोबर सरकारी कागदाची लिपीही. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली, त्यामुळे वरच्या कचेरीतला कागद उर्दूत. गावातल्या कुलकर्ण्याची, सावकाराची आणि भावाभावांतली लिखापढी मात्र मोडीत. पलीकडे मुंबई इलाख्यात १९१७ साली सरकारी कामासाठी बाळबोध स्वीकारली गेली, तरी मोडी लगेच मेली नाही. शाळांतून ती १९५० च्या आसपासपर्यंत शिकवली जात होती.

आणि बहुसंख्य माणसांना यातले काहीच येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जुन्या खतांच्या शेवटी 'निशाणी नांगर' अशी नोंद दिसते. शेतकरी सहीऐवजी नांगराचे चित्र काढी किंवा लिहिणारा ते त्याच्या नावापुढे काढून देई. वर काय लिहिले आहे हे त्याला वाचून दाखवतील तेवढेच कळणार. मोडीच्या सौंदर्याबद्दल आपण भरभरून बोलतो. पण ज्याच्या जमिनीचे त्या कागदात बरेवाईट होत होते, त्याच्या दृष्टीने ती बंद पेटीच होती.

आमच्या घरी असाच एक कागद होता. फसली १३२० चे, म्हणजे साधारण १९१०-११ चे, वाटणीपत्र. तेरणेकाठचा मळा दोन भावांत वाटला गेला, त्याचे. मी तेव्हा एका शहरात मोडी वाचनाचा छोटा वर्ग केला होता. अक्षरांचा तक्ता पाठ, बाराखडी डोळ्यांनी ओळखता येत होती. लिहिण्याचे तास मी चुकवले. मला कुठे मोडीत पत्रे पाठवायची होती?

सुटीत घरी येऊन कागद वाचला आणि चुलत्यांना सांगून टाकले, की यात 'मळ्यास पाणी न देणे' असे स्पष्ट लिहिले आहे. पाण्यावरून दोन्ही घरांत आधीच कुरबुर होती. माझ्या वाचनाने तिला शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा मिळाला. दोन दिवाळ्या आमचे एकमेकांच्या घरी फराळाचे ताट गेले नाही.

शेवटी कागद गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे गेला. त्यांचे शिक्षण बार्शीकडे झालेले, मोडी शाळेत शिकलेली. त्यांनी कागद उन्हाकडे धरला, बोट हवेत फिरवले आणि म्हणाले, "मळ्यास पाणी नदीचे. पुढं वाच की. नदीचं पाणी दोघांनी पाळीनं घ्यावं म्हणलंय."

माझी चूक कशी झाली, ते त्यांनी मला सांगितले नाही, करायला लावले. बोरू तासून दिला, दौत दिली, शिरोरेषा आधी ओढून घ्यायला लावली, आणि त्याच ओळी पुन्हा पुन्हा गिरवायला सांगितल्या. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात. विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, सुत आणि सूत एकच. सहासात अक्षरे झाली की माझा बोरू कोरडा पडू लागला, आणि शब्द संपण्याची वाट न पाहता दौतीत बुडवावा लागला. बुडवल्यावरचे पहिले अक्षर ठळक, गडद उमटले. तेव्हा प्रकाश पडला. आमच्या कागदात 'न' फिकट होता आणि 'दीचे' गडद. मी त्या गडदपणाला नव्या शब्दाची सुरुवात समजलो होतो, आणि मनात भांडण असल्यामुळे 'दीचे'चे 'देणे' करून मोकळा झालो होतो. लिहिणाऱ्याची शाई संपली होती, एवढीच गोष्ट.

तक्त्यात हे नसते, असू शकत नाही. तक्त्यातले अक्षर थांबलेले असते आणि कागदावरचे धावत असते. चिटणिशी वळण, बिवलकरी वळण असे आपले पूर्वज म्हणत. 'वळण' हा शब्दच हाताचा आहे.

तरीही भाचीला 'लिहिच' असे मी छातीठोकपणे सांगितले नाही. याविषयी शास्त्रज्ञांतही एकमत नाही. २००५ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात चिनी मुलांवरचा एक अभ्यास आला. चिनी वाचन लेखनावर अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष. चारच वर्षांनी वेगळ्या नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी उलट दाखला दिला: मेंदूला इजा झाल्यामुळे लिहिणे गेलेला, पण वाचू शकणारा चिनी रुग्ण. म्हणजे हात गेला तरी डोळा राहू शकतो. मात्र तो माणूस आधी लिहीत होता, हे मला विसरता येत नाही. उलटीकडे, जपानी लोक एखादी कांजी आठवत नसली की बोटाने हवेत किंवा तळव्यावर ती लिहून पाहतात. जपानीत याला 'कूशो' असा शब्द आहे. गुरुजींचे हवेत फिरणारे बोट मला तिथे पुन्हा दिसले.

माझे मत असे, की छापील मजकूर वाचायचा असेल तर गिरवण्यावाचून चालून जाते. वेळ वाचत असेल तर वाचवावा. छापील कांजी दरवेळी तशीच दिसते. पण दुसऱ्याने घाईत लिहिलेले वाचायचे तर त्याचा हात कसा गेला असेल हे आपल्या हाताला ठाऊक हवे. मोडीला छपाईचे नशीब फारसे लाभलेच नाही. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश सिरामपूरला मोडी ठशांत निघाला खरा, पण छापखान्यांनी पुढे बाळबोधच उचलली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ती स्वागतार्ह आहे, पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल किंवा तंजावरचे मोडी कागद फाँटमध्ये लिहिलेले नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनी महसुली दफ्तरे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या बाहेर निघाल्या, काही मोडीत, काही उर्दूत. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण एका फिकट अक्षरावर आता कुणाचा तरी दाखला, कुणाचा तरी प्रवेश अडू किंवा सुटू शकतो. धाराशिव जिल्ह्यात मोडी वाचणारा शोधताना लोकांची जी धावपळ झाली, ती मी पाहिली. माझ्याकडेही दोघे कागद घेऊन आले. मी वाचले, आणि देण्याआधी प्रत्येक शंकास्पद ओळ बोरूने लिहून पाहिली. एका ओळीचा निर्णय होईना. तिथे मी 'वाचता येत नाही' असे लिहून दिले. त्या गृहस्थांना ते आवडले नाही.

गुरुजी आता नाहीत. त्यांची दौत माझ्याकडे आहे. भाचीने ती त्या रात्री मागून घेतली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर नदीची कांजी काढून दाखवली. तीन उभ्या रेघा, डावीकडून सुरुवात. तिसऱ्या रेघेला शाई पुरली नाही.